विषय: करिअर कॉलेजचे आकडे

नमस्कार मंडळी,
मी अमेरिकेत एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणारा जोडीदाराचा व्हिसा) आहे, पुण्यात बी.एस्सी. केलंय. घराजवळच्या एका छोट्या खाजगी करिअर कॉलेजात सोनोग्राफीला प्रवेश घ्यायचा विचार आहे. सरकारच्या कॉलेज नेव्हिगेटर या वेबसाइटवर एशियन विद्यार्थी मोजकेच दिसतात, पण ग्रॅज्युएशन रेट चांगला आहे. त्यावर विसंबून फी भरावी का?

---

उत्तर: करिअर कॉलेजचे आकडे

नमस्कार ताई,
घाई करू नका. तो रेट पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा असतो. ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात त्यातले किती पार पडले, एवढंच तो सांगतो. तुमची पदवी झालेली, म्हणजे तुम्ही त्या मोजणीत येणारच नाही. शिवाय छोट्या कॉलेजात असे विद्यार्थी वीसच असले, तर एकजण गळला की रेट पाच टक्क्यांनी उतरतो.

एशियनच्या आकड्यावरून तर काहीच ठरवू नका. व्हिसावरच्यांचा नॉनरेसिडेंट म्हणून वेगळा रकाना असतो, आपल्या मुली तिथे धरतात. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारच्या दुसऱ्या साइटवरचे पगारही सरकारी मदत घेतलेल्यांचेच, आणि एच-४ वर ती मदत मिळत नाही.

खरा प्रश्न हा, की सोनोग्राफीच्या कोर्सला सीएएएचईपीची (आरोग्यक्षेत्रातल्या कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का? कॉलेजची मान्यता वेगळी, कोर्सची वेगळी. कोर्सची असेल तर शिक्षण संपवून थेट एआरडीएमएसच्या (सोनोग्राफरना प्रमाणपत्र देणारी संस्था) परीक्षेचा मार्ग खुला होतो. नसेल तर तुमच्यासारख्या पदवीधरांना सहसा वर्षभराचा क्लिनिकल अनुभव दाखवावा लागतो, आणि प्रमाणपत्राशिवाय तो अनुभव देणार कोण? मान्यता असलेल्या कोर्सला किती टिकले, किती पास झाले, किती जणांना नोकरी लागली, हे जाहीर करावं लागतं. तो कागद मागा. क्लिनिकलसाठी इस्पितळ कॉलेज देतं की तुम्हीच शोधायचं, हेही लेखी घ्या.

फी टर्मवार भरा. २०१६ साली आयटीटी टेक ही खाजगी कॉलेजांची मोठी साखळी अचानक बंद पडली तेव्हा सरकारी कर्ज असलेल्यांना कर्जमाफीची वाट होती. आपण पदरचे पैसे भरतो, आपल्याला ती वाट नाही. आणि ईएडी (कामाचा परवाना) मिळणार का, कधी, हे घरात आधी बोलून घ्या. त्याशिवाय नोकरी करता येत नाही.

---

उत्तर: करिअर कॉलेजचे आकडे

ताई, मनापासून आभार. आज फोन केला. मान्यता कॉलेजची आहे, कोर्सची नाही. कम्युनिटी कॉलेजच्या कोर्सला आहे, पण तिथे वेटिंग लिस्ट आहे. तोवर ॲनाटॉमीचा विषय तिथेच सुरू करते. आपल्या या ग्रुपवर कोणी तिथून सोनोग्राफी केली असेल तर कृपया कळवा.