मदत हवी आहे: बाबांसाठी घरची द्राक्षबाग

नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबा ७८ वर्षांचे. त्यांचं लहानपण निफाडकडे मामाच्या बागेत गेलं. ती बाग केव्हाच विकली, पण मामाची छाटणीची कात्री अजून बाबांच्या कपाटात आहे, फडक्यात गुंडाळून, तेल लावलेली. परवा बाजारातून थॉमसन द्राक्षं आणली तर एक मणी खाऊन म्हणाले, "अनाबेशाही कुणी लावतं का रे आता?" (अनाबेशाही म्हणजे द्राक्षाचं जुनं वाण.)

गेल्या वर्षी एका मोठ्या ठिकाणी नेलं होतं. तिथे वाइन, फोटो, गर्दी. बागेत पाऊल टाकू दिलं नाही, बाबा गाडीत गप्प बसून होते. फार वाईट वाटलं.

निफाड किंवा दिंडोरीत अशी घरची बाग कुणाला माहीत आहे का, जिथे आजोबा-आजी अजून मांडवाखाली बसतात आणि खरड छाटणी (एप्रिलची), गोडी छाटणी (ऑक्टोबरची) यावर बाबांशी तासभर बोलतील? फेब्रुवारीत काढणीच्या गडबडीत गेलं तर बागवाल्यांना त्रास होईल का? की ऑक्टोबरात छाटणीच्या वेळी बरं? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे भिवंडीजवळच्या आमण्यावरून समृद्धी महामार्गाने इगतपुरीपर्यंत जायचा विचार आहे. आणि त्या घरी जाताना काय न्यावं, तेही सांगा.