अकरा पुरवठादार की एकच? एका रुग्णालयाच्या खरेदीच्या निमित्ताने

यंत्रमाग_अक्कलकोट_रोड

काल या चर्चेत सोलापुरातील एका खासगी रुग्णालयाच्या खरेदीप्रमुखांनी लिहिले की, टॉवेल, चादरी आणि गणवेश यांचे अकरा स्थानिक पुरवठादार बंद करून त्यांनी सगळा माल परराज्यातील एकाच मोठ्या कंपनीकडे सोपवला आहे, आणि पुरवठादारांमध्ये वैविध्य राखणे म्हणजे रुग्णालयाच्या पैशातून केलेला दानधर्म आहे. ‘दानधर्म’ हा शब्द मला लागला. गेली बावीस वर्षे मी टेरी टॉवेल विणतो आहे आणि एकाही गिऱ्हाइकापुढे मी हात पसरलेला नाही.

एकाच ठिकाणाहून माल घेण्याची खरी किंमत बिलावर दिसत नाही. ती अडचणीच्या दिवशी कळते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधील करिया येथे आयसिन या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटा जवळपास सगळा तिथूनच घेत असे आणि साठा जेमतेम काही तासांचा होता, त्यामुळे जपानमधील टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. ते काही दिवसांतच पुन्हा सुरू झाले, कारण आसपासच्या डझनावारी कारखान्यांनी, ज्यांतील अनेकांनी तो भाग पूर्वी कधी केलेलाही नव्हता, आपापल्या यंत्रांवर तो करून दिला. असे कारखाने आसपास शिल्लक असावे लागतात. आमचे माग एकदा भंगारात गेले आणि पुढच्या वर्षी त्या कंपनीने भाव वाढवला, तर तुलनेसाठी कोटेशन कोणाकडून मागवणार?

याच रुग्णालयाला नवजात बाळांच्या विभागासाठी वेगळ्या मापाचे तीस डझन टॉवेल हवे होते, तेव्हा मी चार दिवसांत मागावर नवा बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढवून माल पोहोचवला होता. तीस डझनांसाठी मोठी कंपनी आपला माग थांबवत नाही.

खरेदीप्रमुख

माझे नाव घेतले नसले तरी रोख माझ्याकडेच आहे, म्हणून उत्तर देतो. अकरा पुरवठादार म्हणजे अकरा करार, अकरा वेळा माल तपासणी आणि अकरा जणांचे जीएसटी. त्यांतील दोघे वेळेवर विवरणपत्र भरत नसत, आणि लेखा विभागाचे बोलणे मी ऐकत असे. शिवाय वजनाचे काय? एका गठ्ठ्यातील टॉवेल मी स्वतः काट्यावर ठेवला, तो ४८० ग्रॅम भरला. तीन धुण्यांनंतर तोच टॉवेल ४२५ ग्रॅम भरला. बाकीची कांजी होती, आणि तिचे पैसे आम्ही सुताच्या भावाने मोजले होते.

आता टोयोटाविषयी. मागच्या उन्हाळ्यात शहरात नळाला पाणी येण्यातले अंतर आणखी लांबले, तेव्हा दोन दिवसांत सात जणांचे मला फोन आले आणि सातही जणांनी एकच कारण सांगितले: रंगाईघर बंद आहे. सातही जण एकाच रंगाईघरातून सूत रंगवून घेत होते. मग वैविध्य कशात होते? फक्त बिलांवरच्या नावांत. जोखीम सगळी एकाच हौदात होती.

गणवेशवाली_विडी_घरकुल

त्या अकरांपैकी मी एक. माझ्याकडे आठ शिलाई मशिने आहेत आणि परिचारिकांचे गणवेश मी शिवत होते. पहिल्या वर्षी एका परिचारिकेने मला सांगितले की, रुग्णाला उठवण्यासाठी वाकले की खिशातला पेन त्याच्या अंगावर पडतो. मी खिसा चार बोटे खाली घेतला आणि आत पेनासाठी वेगळी टीप मारली. हा बदल कोणत्याही निविदेत लिहिलेला नव्हता. तो झाला, कारण मी दर सहा महिन्यांनी स्वतः जाऊन प्रत्येकीचे माप घेत होते. आता तयार तीन मापांचे गणवेश येतात आणि त्याच परिचारिका माझ्याकडे ते आवळून घ्यायला येतात.

वजनाची तक्रार रास्त असेल, पण ज्याची कांजी त्याला जाब विचारावा. माझे एक बिल ९६ दिवसांनी मिळाले आणि शेवटचे बिल अजून बाकी आहे. त्याचा हिशेब काल कोणी लिहिला नाही.

जुना_सूतव्यापारी

वैविध्याच्या नावाखाली काय चालते, ते मी चाळीस वर्षे पाहतो आहे. महिला उद्योजकांना सवलत म्हटले की दुसऱ्या दिवशी धंदा बायकोच्या नावावर होतो. माझ्या खातेवहीत महिलांच्या नावाचे जे उद्योग आहेत, त्यांतील बहुतेकांचे सूत ठरवायला नवरा येतो आणि धनादेशावर सहीपुरती बाई येते. असे वैविध्य मोजून रुग्णालयाला काय मिळणार? या ताईंच्या मागेही कोणी असेलच.

गणवेशवाली_विडी_घरकुल

माझ्या मागे माझी आई आहे. तिने तीस वर्षे विड्या वळल्या. दर संध्याकाळी तिच्या विड्यांतून काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जात, त्यांची मजुरी मिळत नसे, आणि खराब कशामुळे हे विचारायची सोय नव्हती. त्या मजुरीतून तिने माझे पहिले मशीन घेतले. आपण मला पाहिलेले नाही, माझ्याशी कधी व्यवहार केलेला नाही, तरीही माझ्या कामावर दुसऱ्याचे नाव लिहून मोकळे झालात. शब्द मागे घ्यावेत, ही विनंती नाही.

जुना_सूतव्यापारी

ताईंविषयीचे वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होते. नावापुरत्या उद्योगांविषयीचे म्हणणे मात्र कायम आहे. नोंदणीचा कागद पाहून कोणी थांबू नये, शेडवर जाऊन काम कोण पाहते ते पाहावे. उधारीविषयी मलाही बोलायचे आहे. रुग्णालय यंत्रमागवाल्याचे पैसे थकवते, यंत्रमागवाला माझे थकवतो, आणि सूतगिरणी मला पैसे आधी मागते. तुमच्या स्वस्त खरेदीचे व्याज शेवटी मी भरतो.

करसल्लागार

कायद्याविषयी दोन्हीकडून अर्धवट बोलले जात आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचे केंद्राचे धोरण २०१२ चे आहे. आरंभीचे २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०१८ मध्ये २५ टक्के झाले. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहेत. ते केंद्राची खाती आणि केंद्राच्या कंपन्या यांना, म्हणजे उदाहरणार्थ फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज प्रकल्पाला लागू आहे, खासगी रुग्णालयाला नाही. पण तिथेही दानधर्म नाही. सर्वांत कमी भाव मोठ्या उद्योगाचा असेल आणि लहान उद्योगाचा भाव त्याहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याच कमी भावावर उतरायला तयार होणाऱ्या लहान उद्योगाला ऑर्डरचा ठरावीक हिस्सा मिळतो. जादा भाव कोणालाच मिळत नाही.

थकबाकीचा कायदा मात्र रुग्णालयालाही लागू आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. माझ्या एकाही अशिलाने हे व्याज कधी मागितलेले नाही, कारण मागितले की गिऱ्हाईक तुटते. म्हणूनच १९६१ च्या आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आले आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा होत नाही. त्याचा उलटा परिणामही मी पाहिला. लहान उद्योगाची ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी रद्द करा, नाहीतर ऑर्डर बंद, असे खरेदीदाराने बजावलेले तीन उत्पादक त्याच वर्षी माझ्याकडे आले होते.

खरेदीप्रमुख

त्या ९६ दिवसांचा दोष माझ्या टेबलाचा नाही. माल मिळाल्यापासून नऊ दिवसांत माझी सही झाली होती. फाईल पुढे अडकली. विमा दाव्यांचे पैसे आम्हालाही महिनोन्महिने मिळत नाहीत, आणि आधी औषधांची बिले द्यावी लागतात.

यंत्रमाग_अक्कलकोट_रोड

साहेब, तुमचे पैसे उशिरा येतात म्हणून तुम्ही माझ्या कामगारांच्या आठवड्याच्या पगारातून रुग्णालय चालवता, असा याचा अर्थ होतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही. ज्या मोठ्या कंपनीला तुम्ही ऑर्डर दिली, तिने आगाऊ रक्कम घेतली की नाही, ते एकदा येथे लिहा.

रंगाईघराविषयी मात्र तुमचे खरे आहे. ते वाचून मला वाईट वाटले, कारण त्या सात फोनांतला एक माझा होता. एकाच ठिकाणी रंगवले की रंगाची शेड जुळते आणि वाहतुकीचे भाडे वाचते, म्हणून आम्ही सगळे तिथेच जातो. आता मी दुसऱ्या रंगाईघरात, दुसऱ्या पाण्यावर, नमुन्याचे सूत टाकले आहे. शेड अजून एक छटा फिकी येते. कांजी माझ्या टॉवेलात नव्हती, पण आमच्यातल्या काहींच्या टॉवेलात असते, हे मी नाकारणार नाही.

खरेदीप्रमुख

आगाऊ रक्कम दिली होती, ३० टक्के. ‘दानधर्म’ हा शब्द मी मागे घेतो. अकरा जणांचा कारभार पुन्हा सुरू करणार नाही, हे कायम आहे. पुढच्या सहामाहीत एकतृतीयांश माल तीन स्थानिकांकडून घेण्याची शिफारस मी करीन. टॉवेलाचे वजन तिसऱ्या धुण्यानंतरचे धरले जाईल आणि ते ऑर्डरवर लिहिलेले असेल, आणि तिघांची रंगाईघरे वेगळी असतील. ४५ दिवसांची अट करारात घालायला सांगतो, पण ती पाळली जाईल अशी हमी आज मी देऊ शकत नाही.

गणवेशवाली_विडी_घरकुल

गणवेश नाकारला तर कोणत्या कारणाने, हे त्याच दिवशी लेखी मिळावे, एवढी अट माझ्या करारात घाला. मंगळवारी दुपारी पाळी बदलताना मापे घ्यायला येते. परिचारिकांची यादी तेवढी आधी तयार ठेवा. शेवटच्या बिलाची प्रत सोबत आणते.