ट्रेलरवर ठेवून ठेवून फायबर बोटीच्या तळाला पोचे पडलेत, आधार कुठे आणि कसे द्यायचे?

गिरणीवाला_पंचवटी

नमस्कार मंडळी. मला बोटीतलं कमी आणि जात्याच्या दगडातलं जास्त कळतं, हे आधीच सांगून टाकतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला तेव्हा आमच्या मंडळाची पोरं काठावर नुसते दोर धरून उभी होती. नंतर वर्गणी काढून आम्ही एक जुनी फायबरची बोट घेतली. 15 फुटी, तळ व्ही आकाराचा, मागे 25 एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन. ट्रेलर मात्र इथेच बनवून घेतला. बनवणारा हाताचा चांगला, पण आयुष्यभर त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्याच केल्या. त्याने दोन आडवे अँगल टाकले, व्ही कापला आणि वर जुन्या टायरचं रबर ठोकलं. बोट बसली, आम्ही नारळ फोडला.

परवा पोरांनी बोट उचलली तर मागच्या अँगलच्या जागी दोन्ही बाजूंना पोचा. स्टीलची पट्टी लावून बघितलं, सहा मिलिमीटर आत गेलंय. भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा, आणि रबराचे काळे डाग घासून निघत नाहीत ते वेगळंच. आता कोणी म्हणतं रोलर लावा, कोणी म्हणतं लाकडी फळ्या लावा. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा बोट जागेवर तयार पाहिजे. नक्की काय करू?

दर्याकिनारी_मालवण

काका, रोलर की फळी हे मागाहून. आधी सांगा, पावसाळ्यात बोट उघड्यावर होती काय? आणि मागचा प्लग काढलेला होता की लावलेला?

गिरणीवाला_पंचवटी

गिरणीच्या मागच्या बोळात होती. वर ताडपत्री होती, ती जुलैत फाटली. प्लग लावलेलाच होता. बोट म्हटल्यावर भोक बंदच ठेवणार ना?

दर्याकिनारी_मालवण

झालं तर मग. तळ चार चौरस मीटर धरा. त्यात सरासरी दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर 400 किलो होतात. म्हणजे रिकाम्या बोटीपेक्षा जास्त वजन तुम्ही दोन अँगलच्या धारेवर महिनाभर ठेवलंत. जमिनीवर प्लग काढूनच ठेवायचा आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, थोडं वर. आलेलं पाणी आपोआप मागून जातं.

आता आधाराचं. पाण्यात असते तेव्हा बोटीला सगळ्या अंगाने थोडा थोडा आधार असतो. तुम्ही तो दोन रेघांवर आणलात. आमच्याकडे लाकडी होडी ओढताना भार पठाणावर घेतात (पठाण म्हणजे तुमचा कील, तळाच्या मधोमध लांबीने जाणारा कणा), बाजूचे टेकू फक्त कलंडू नये म्हणून. लाकडी होडीचा पठाण जाडजूड, आत वांका, म्हणजे आडव्या फासळ्या, भरलेल्या, त्यामुळे तिला चालतं. फायबरच्या पातळ सालीला आत स्ट्रिंजर असतात, लांबीने चिकटवलेल्या तुळया. लांब फळी त्यांच्या बरोबर खाली आली पाहिजे. स्ट्रिंजर शोधायला रुपयाच्या नाण्याने तळ ठोका. भरीव टक् आवाज येतो तिथे आहे, पोकळ आवाज येतो तिथे नुसती साल. त्या पोच्यांवरही ठोका. तिथे भद्द आवाज आला तर आतले थर सुटलेत, वरून पुट्टी मारून गप्प बसू नका.

आणि फळी मागे ट्रान्समपर्यंत, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीपर्यंत, गेलीच पाहिजे, इंच-दीड इंच बाहेर आली तरी बरी. इंजिन तिथेच टांगलंय. फळी फूटभर अलीकडे संपली तर मागचा भाग अधांतरी राहतो आणि तळाला बाक येतो. मग पाण्यात बोट वेग घेताना नाक खाली दाबते.

खडकवासला_शिडवाला

माझं थोडं वेगळं मत. माझी शिडाची डिंगी मी कील रोलरवर ठेवतो, बाजूला फक्त छोट्या गाद्या. घाटावर चढवताना-उतरवताना रोलरसारखं सुख नाही. फळीवर कार्पेट असलं की बोट चिकटून बसते, दोन माणसांना ढकलत नाही. काकांची बचावाची बोट आहे, पटकन पाण्यात जायला हवी.

दर्याकिनारी_मालवण

तुमच्या डिंगीच्या मागे 50 किलोचं इंजिन नाही ना दादा! रोलर लावा, पण मधोमध कीलखाली तीन-चार, चढताना बोट सरळ राहावी म्हणून. मुक्कामाचा भार फळ्यांनी आणि कीलने वाटून घ्यावा. नुसत्या बाजूच्या रोलरवर फायबर ठेवली की प्रत्येक रोलरखाली एकेक खळी पडते. अँगलने केलं तेच, फक्त गोल.

वेल्डिंगवाला_अंबड

गिरणीवाले भाऊ, बोट मी कधी चालवली नाही, पण ट्रेलर हे आमचं खातं. आडवे अँगल कापून टाका. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ फुटांच्या फळ्या, सागाच्या किंवा साल वृक्षाच्या, 4 बाय 2 इंची, रुंद बाजू वर करून. प्रत्येक फळीला तीन ब्रॅकेट, पण वेल्ड करू नका, यू-बोल्टने चॅनलला आवळा म्हणजे वर-खाली करता येतात. ब्रॅकेटचं डोकं एका बोल्टवर झुलतं ठेवा, फळी स्वतःच तळाचा उतार पकडते. स्क्रू स्टेनलेसचे आणि खालच्या बाजूने मारा, वरून मारलात तर कार्पेट झिजल्यावर डोकं बोटीला ओरखडतं. वर सिंथेटिक कार्पेट, टायरचं रबर नको.

बसवताना चेन पुलीला दोन रुंद बेल्ट लावून बोट उचला, एक पुढे, एक इंजिनच्या जरा अलीकडे. हळूहळू कील रोलरवर टेकवा, मग ब्रॅकेट सैल करून फळी वर घ्या, पूर्ण लांबी लागली की आवळा. पोस्टकार्ड घेऊन फळी आणि तळ यांच्यामध्ये सरकवून बघा. कुठेही सहज गेलं तर तिथे आधार नाही. तळाला लांबीने ज्या उंच पट्ट्या असतात त्यांच्यावर फळीची कड येऊ देऊ नका, त्यांच्या मधल्या सपाट जागेत बसवा.

आणखी एक. ट्रेलर गाडीला अडकतो त्या हुकवर किती वजन येतंय ते मोजलंय का? एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के पाहिजे. कमी असलं की मागे ट्रेलर शेपूट हलवतो.

गिरणीवाला_पंचवटी

काटा तर माझ्या घरचाच आहे! ट्रेलर सपाट ठेवून हुक काट्यावर टेकवला, 12 किलो. सगळं मिळून, बोट, इंजिन, पेट्रोल, जॅकेटं, दोर, ट्रेलरसकट, 500 च्या आसपास धरलंय. म्हणजे निदान 25 हवेत. गंगापूर रोडला जीप साठच्या वर गेली की मागून कोणी ओढतंय असं वाटायचं, ते हेच होतं होय! बोटच नऊ इंच पुढे सरकवू का?

वेल्डिंगवाला_अंबड

बोट पुढे घेतलीत तर ट्रान्सम फळ्यांच्या टोकाच्या आत येईल, विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब हलवावा लागेल, पुढचा सगळा हिशोब परत. त्यापेक्षा एक्सल मागे घ्या. हुकपासून एक्सल 3 मीटरवर असेल तर सहा इंच मागे घेतल्यावर साधारण 25 किलो वाढतील. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर कापून मागे वेल्ड करायचे, अर्ध्या दिवसाचं काम. पुढे नाळेला व्ही आकाराचा रबरी ठोकळा द्या, पण विंचच्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका. तो ओढायला असतो. मागे ट्रान्समच्या दोन्ही कडांना वेगळे पट्टे आणि पुढे सेफ्टी चेन.

गिरणीवाला_पंचवटी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. हुकवर आता 36 किलो येतंय. डाव्या बाजूच्या पोच्याखाली खरंच थर सुटले होते, तिथलं फायबर खरवडून नवीन मॅट आणि रेझिन भरलं. उजवीकडे नुसतंच वरचं खराब होतं. फळ्यांना पोस्टकार्ड लावलं तर उजव्या फळीत मधल्या ब्रॅकेटपाशी सुर्रकन गेलं, ते दोनदा सैल करून आवळलं. रोलर चार लावले, त्यामुळे शिडवाले दादाही खूश व्हावेत. गेल्या रविवारी परवानगी काढून गंगापूरच्या बॅकवॉटरला सराव केला. आता बोट वेग घेताना नाक दाबत नाही, आणि चढवताना दोघांत काम झालं.

फक्त पाण्यात उतरवल्यावर पाचव्या मिनिटाला एक पोरगं म्हणालं, काका, पाय ओले होतायत.

प्लग गिरणीत खिळ्याला टांगलेला होता.

दर्याकिनारी_मालवण

हाहाहा. इंजिन बंद करायची जी लाल दोरी असते ना, मनगटाला अडकवतो ती, तिलाच प्लग बांधून ठेवा. प्लग हातात आल्याशिवाय इंजिन चालूच होणार नाही.

गिरणीवाला_पंचवटी

बांधला.