ॲम्बेसेडरच्या बोर्डावरचे दिवे उलटे लागायलेत, वायरिंग कळणाऱ्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी ॲम्बेसेडर मार्क थ्री, १९७७ ची, पेट्रोल. आबांनी घेतलेली, आता माझ्याकडं आहे. मी काय वायरमन नाही, कापडाच्या दुकानात बसणारा माणूस, मल्टीमीटर धरता येतो एवढंच, त्यामुळं चुकीचा शब्द वापरला तर सांभाळून घ्या.

लक्षणं सांगतो. हेडलाईट लावला की पेट्रोलचा काटा सरकन खाली पडतो, बंद केला की परत वर. अप्पर मारला की निळ्या दिव्याबरोबर इंडिकेटरचे दोन्ही हिरवे दिवेपण मिणमिणायला लागतात (डाव्याला एक उजव्याला एक असे वेगळे दिवे आहेत, आबांनीच कधीतरी करून घेतलेले). आणि खरी डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे रात्री डावा इंडिकेटर टाकला की बाहेरचा पिवळा दिवा व्यवस्थित मारतोय पण आतला हिरवा उलटा चालतोय, बाहेर लागला की आत विझतो आणि बाहेर विझला की आत लागतो. दिवसा हेडलाईट बंद असताना मात्र एका बाजूचा इंडिकेटर टाकला तरी दोन्ही हिरवे एकदम मंद मारतात. बोर्डावरचे मीटरचे दिवे तर असून नसल्यासारखे, काडेपेटी ओढून बघावं लागंल अशी गत.

पहिल्यांदा लक्षात आलं ते पन्हाळ्यावरनं रात्री परत येताना, वाघबीळच्या आसपास, धुकं पडलेलं, अप्पर डिपर करत होतो आणि काटा एकदम शून्यावर. बायको म्हणाली पेट्रोल संपलं वाटतं, मी म्हणलं कालच तर टाकलंय. लाईट बंद करून बघितला तर काटा वर! भर घाटात लाईट बंद करून बघणारा शहाणा मीच, त्यावरनं नंतर घरी जे काय ऐकून घेतलं ते सोडा.

आतापर्यंत केलेलं : फ्यूज बदलले, फ्लॅशर (इंडिकेटर उघडझाप करणारी डबी) नवीन टाकला, हेडलाईटचा स्विच बदलला, टाकीतल्या पेट्रोल मोजणाऱ्या फ्लोटची अर्थिंग (म्हणजे करंट बॉडीतनं बॅटरीला परत जायची वाट) वेगळी वायर टाकून दिली. काही फरक नाही. बॅटरी गाडी बंद असताना १२.६ आणि चालू असताना १४.१ दाखवते म्हणजे चार्जिंग ठीक असावं (डायनॅमो काढून अल्टरनेटर आधीच बसवलाय).

दोन वायरमनना दाखवलं. एकजण म्हणाला हे पुराचं पाणी बोलतंय. त्यात थोडं तथ्य आहे, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गाडी कोल्हापुरात नागाळा पार्कात होती आणि पाणी सीटपर्यंत आलेलं, खालची वायरिंग तेव्हाच बदलली पण बोर्डामागची जुनीच आहे. दुसरा म्हणाला सगळं उचकटून नवीन वायरिंग टाकू, दोन आठवडे गाडी सोडा. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी उद्यमनगरात डेंटिंग पेंटिंग करून घेतलं, बोर्डाचा पत्रासुद्धा रंगवला, पण त्यानंतर दोन तीन महिने सगळं झकास चालत होतं त्यामुळं त्याला दोष देता येत नाही.

प्रश्न एवढाच की सगळी वायरिंग बदलायचीच का, का एखादी जागा बघायची राहिलीय माझी?

प्रतिसाद

४५ वर्षांपेक्षा जुनी वायर आणि वर पुराचं पाणी. नवीन वायरिंग टाका आणि मोकळे व्हा. तांब्याला आतनं काळं पडलेलं असतं, वरनं दिसत नाही.

प्रतिसाद

दादा, वायरिंगला हात लावू नका अजून. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं बोर्डावरचीच आहेत, बाहेरचे दिवे सगळे बरोबर चालतायत हे तुम्हीच लिहिलंय. वायर सडली असती तर बाहेर पण काहीतरी बिघडलं असतं. मला हे अर्थिंगचं प्रकरण वाटतंय.

आधी बॅटरीचं मायनस बॉडीला आहे का प्लस ते बघून घ्या. जुन्या इंग्लिश गाड्यांत प्लस बॉडीला असायचं, ॲम्बेसेडरची आई मॉरिस ऑक्सफर्ड तसलीच. अल्टरनेटर बसवलाय म्हणजे तुमचं मायनसच असणार पण बघायला काय जातंय.

आता मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन थेट बॅटरीच्या मायनसच्या शिशावर धरा, बॉडीवर नको. हेडलाईट लावा, अप्पर मारा, आणि लाल पिन मीटरच्या पॅनलच्या मागच्या उघड्या पत्र्याला टेकवा, रंगावर टेकवली तर काही दाखवणार नाही. चांगली अर्थिंग असंल तर ०.१ किंवा ०.२ च्या आत येतं. नुसता ओहम (वायरचा अडथळा) बघू नका, वायरचा एक केस जोडलेला असला तरी ओहममध्ये जोडलंय असंच दाखवतं, करंट वाहताना बघितल्याशिवाय अर्थिंग कळत नाही.

अजून एक सांगा, किल्ली दिल्यावर पेट्रोलचा काटा टुणकन उडतो का सावकाश चढतो?

प्रतिसाद (मूळ प्रश्न विचारणारा)

बघितलं. मायनसच बॉडीला आहे. काटा टुणकन उडतो. आणि पॅनलच्या पत्र्यावर लाईट बंद असताना ०, पण अप्पर मारल्यावर ५ च्या वर जातंय, ५.३, ५.४ असं. रंगवलेल्या बोर्डाच्या पत्र्याला थोडं खरवडून तिथं पिन लावली तर ०.१. म्हणजे मीटरचं पॅनल आणि बोर्ड एकमेकांना चिकटून आहेत आणि तरी मधे पाच व्होल्ट? हे कसं काय, तेच कळंना.

प्रतिसाद

आता सरळ झालं की. मीटरचं पॅनल अधांतरी आहे. बल्बचा करंट पॅनलच्या पत्र्यात उतरतो, तिथनं बोर्डात, बोर्डातनं बॉडीत, असा जायला पाहिजे. तो रस्ता बंद झाला की करंट काय गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधतो. अप्परच्या निळ्या बल्बमधनं आणि मीटरच्या बल्बमधनं आलेला करंट पॅनलमध्ये तुंबतो आणि मग हिरव्या बल्बमधनं उलटा घुसून इंडिकेटरच्या वायरनं बाहेरच्या २१ वॉटच्या बल्बात जातो, त्याला तिथं अर्थिंग मिळते. बाहेरचा बल्ब एवढ्याशा करंटानं पेटत नाही पण आतला छोटा पेटतो. म्हणून दोन्ही हिरवे मिणमिणतात. आता तुम्ही डावा इंडिकेटर टाकला की त्याच वायरवर १२ व्होल्ट येतात, एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला पॅनलचे तुंबलेले (डावीकडची वाट बंद झाल्यानं ते अजून वर चढतात), फरक कमी झाला, बल्ब विझला. फ्लॅशरनं वायर सोडली की परत पेटला. झालं तुमचं उलटं इंडिकेटर.

काट्याचं पण तेच. टुणकन उडणारा काटा म्हणजे आत दोन कॉईल असतात आणि त्यातल्या एकीला मीटरच्या पत्र्यातनं अर्थिंग लागते. पत्र्यावरच पाच व्होल्ट आले की ती कॉईल मेली, काटा खाली. सावकाश चढणारा काटा असता तर गोष्ट वेगळी, त्यात आत पट्टी तापून वाकते आणि त्या गाड्यांत बोर्डामागं १० व्होल्टची एक छोटी पत्र्याची डबी असते, तिची अर्थिंग गेली तर उलट पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही काटे जास्त दाखवतात. तुमच्यात तो विषय नाही.

मला एकच खटकतंय. पेंटिंगनंतर दोन तीन महिने चाललं म्हणताय. मग ज्या दिवसांत हे सुरू झालं तेव्हा गाडीचं अजून काय काढलं घातलं? वायरिंगचंच असलं पाहिजे असं नाही, आठवून बघा.

प्रतिसाद (मूळ प्रश्न विचारणारा)

काहीच नाही ओ. वायरिंगला तर कुणी हात लावला नव्हता. दिवाळीत फक्त स्पीडोमीटरची केबल काढून ठेवली, ती चाळीसच्या पुढं चिमणीसारखी ओरडायची, नवीन मिळंपर्यंत म्हणलं राहू दे. पण ती तर नुसती फिरणारी तार, तिचा करंटशी काय संबंध.

प्रतिसाद

संबंध तिथंच आहे! केबलचं बाहेरचं कवच लोखंडी असतं, एक टोक स्पीडोमीटरच्या नटाला आणि दुसरं गिअरबॉक्सला घट्ट बसलेलं. पेंटरनं बोर्ड रंगवून पॅनल परत रंगावरच बसवलं, अर्थिंग तेव्हाच गेली. पण केबल होती तोवर पॅनलची अर्थिंग त्या कवचातनं गिअरबॉक्सला जात होती. तुम्ही केबल काढली आणि शेवटचा धागा तोडला. केबल नुसती हातानं पॅनलच्या नटाला लावा, खालचं टोक गिअरबॉक्सला असू दे, आणि मल्टीमीटर बघा.

जाता जाता, इंजिन आणि बॉडीच्या मधली अर्थिंगची जाड पट्टी पण बघून घ्या. ती ढिल्ली असली तर सेल्फ मारताना सगळा करंट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधनं जातो आणि केबल अशी तापते की प्लास्टिक वितळतं. ते बोर्डावरच्या दिव्यांपेक्षा लई वाईट.

प्रतिसाद (मूळ प्रश्न विचारणारा)

मंडळी सापडलं. काल रविवारी दुकान बंद, सकाळी जेवणाआधी बसलो. आधी बॅटरीचं मायनस काढलं. केबलचं खालचं टोक गिअरबॉक्सला होतंच, वरचं लोंबत होतं ते स्पीडोच्या नटाला लावलं, मायनस परत जोडून अप्पर मारला तर पॅनलवर ०.४. केबल सोडली, ५.३. परत लावली, ०.४. पोरगं बाजूला उभं होतं, त्याला दहादा करून दाखवलं.

मग परत मायनस काढून पॅनल बाहेर ओढलं. चारी स्क्रूच्या खाली रंगाचा जाड थर, पेंटरनं काम मनापासनं केलेलं, भोकाच्या आतसुद्धा रंग. पॉलिश पेपरनं चारी जागा चकाकेपर्यंत घासल्या, स्टार वायसर (पत्र्यात रुतणारे दातेरी) टाकले, आणि वर पॅनलच्या मागनं एक काळी वायर थिंबल मारून बोर्डाच्या आतल्या बोल्टला वेगळी जोडली, म्हणजे परत कुणी रंगवलं तरी भानगड नको. घासलेल्या जागी वरनं थोडं व्हॅसलीन लावलं, कोल्हापूरचा पाऊस माहितीय तुम्हाला.

आता केबल नसतानासुद्धा ०.०५. हिरवे दिवे गप्प, इंडिकेटर आत बाहेर एकदम, मीटरचे दिवे एवढे लख्ख की बायको म्हणाली नवीन बल्ब टाकलेस का. आणि पेट्रोलचा काटा आता दिवसासुद्धा आधीपेक्षा वर दाखवतोय, म्हणजे एवढे महिने टाकीत पेट्रोल असताना मी पंपावर पळत होतो.

इंजिनची पट्टी बघितली, ठीक आहे. पण बोर्डामागं हात घातलाच तर दोन गोष्टी सापडल्या. फ्यूजच्या डबीत दोनच फ्यूज, त्यातल्या एकावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, आणि बॅटरीवरनं येणाऱ्या तपकिरी वायरला मधेच सोलून एक लाल वायर विनाफ्यूज गाण्याच्या टेपला गेलेली. टेप काढलाय. चांदीच्या जागी मी ३५ अँपिअरचा नवीन पात्याचा फ्यूज होल्डर लावू का?

प्रतिसाद

३५ चा पात्याचा नको. जुन्या लुकास कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं तो जळायचा आकडा, कायम वाहायचा १७ च्या आसपासच. पात्याच्या फ्यूजवर मात्र कायम वाहायचा आकडा असतो. १५ किंवा फार तर २० चा टाका. आणि ती लाल वायर टेपला होती तर मुळापासनं काढून टाका, नुसती चिकटपट्टी लावून ठेवू नका, हेडलाईटलाच त्या गाड्यांत फ्यूज नसतो, अजून एक उघडी वायर कशाला.

प्रतिसाद (मूळ प्रश्न विचारणारा)

१५ चा टाकला, लाल वायर काढली. वायरमनला फोन करून सांगितलं की गाडी आणत नाही, कारण सांगितल्यावर जरा वेळ काय बोललाच नाही, मग म्हणाला केबलचं मला पण सुचलं नसतं. बरं वाटलं माणूस सरळ बोलला.

स्पीडोची केबल लक्ष्मीपुरीत मिळाली, ओरडत नाही, पण काटा चाळीसला थरथरतोय. त्याचं वेगळं विचारतो नंतर, आधी पन्हाळ्याला एक फेरी मारून येतो.