लोज्बानमध्ये अमेरिकेतली गावं: कानाने घ्यायची की डोळ्याने?

रानवाट: लोज्बान म्हणजे १९८७ पासून तर्कशास्त्राच्या पायावर घडवलेली भाषा. तिच्यात बोलतो तसंच लिहायचं, आणि विशेषनाम व्यंजनानेच संपवायचं. म्हणून शिकागोचं 'शिकागोस'. इथवर ठीक.

पण इलिनॉय? तिथले लोक शेवटचा 'एस' उच्चारत नाहीत. आर्कान्सात तर १८८१ साली विधिमंडळाने ठराव करून तो 'एस' मुका ठरवला. मराठीत आपणही 'इलिनॉय', 'आर्कान्सा' असंच लिहितो. लोज्बानमध्ये मात्र सवयीने 'स' जोडला की 'इलिनोइस' होतं, आणि जो 'एस' तिथे कुणी बोलत नाही तोच आपण ठणकावून बोलतो. माझ्या मते अशा ठिकाणी 'न' लावावा: 'इलिनोइन'. तो बाहेरून जोडलाय हे निदान लगेच कळतं.

पिंपळपान: अजिबात पटलं नाही. 'इलिनोइन' वाचून कुणाला राज्य ओळखू येणार? नकाशावर 'एस' छापलेला आहे, तो राहू दे. आणि स्थानिक उच्चार म्हणजे नेमका कुणाचा? लॉस एंजेलिस हे नाव मुळात स्पॅनिश. तिथे स्पॅनिश बोलणारी माणसं आजही 'लोस आन्खेलेस' म्हणतात, आणि तो 'ख' लोज्बानमध्ये आहेसुद्धा. त्यांचं ऐकायचं की इंग्रजीवाल्यांचं?

रानवाट: लॉस एंजेलिसला दोन्ही रूपं चालावीत, माझी ना नाही. पण डोळ्यावर विसंबलं की काय होतं ते फिलाडेल्फियात बघा. 'ला' हा लोज्बानमध्ये 'आता नाव येतंय' असं सांगणारा शब्द. १९९७ च्या व्याकरणाप्रमाणे स्वरानंतरचा 'ला' नावात चालत नाही, कारण ऐकणारा 'फि, ला, डेल्फियास' असं तोडतो आणि गावाचं नाव डेल्फियास होऊन बसतं. पण फिलाडेल्फियातला माणूस 'ला' म्हणतो कुठे? त्याचा 'ल' आपल्या 'कमळ'मधल्या 'म'सारखा, साध्या 'अ'चा. त्या 'अ'ला लोज्बानमध्ये 'वाय' हे अक्षर आहे. ते घातलं की अडचणच उरत नाही. अलाबामाचंही तेच.

ओसरी: हल्ली बरेच जण नावाआधीही थांबतात, त्यामुळे 'ला' आपोआप सुटा राहतो. आणि हा 'अ' आपल्याला सोपा, स्पॅनिश बोलणाऱ्याच्या तोंडात तो बसत नाही. त्याचाही विचार हवा.

पिंपळपान: थांबायचं विसरलं तर? फिलाडेल्फियाचं मला पटलं, 'वाय'च घालीन. 'इलिनोइन'ला मात्र माझा विरोध कायम.