जस्ताच्या पत्र्यावर नेल-लॅम्प मारला, पानं ढिम्म!

रंकाळाकाठ: बारावीला शिकवतो. फोटोइलेक्ट्रिक परिणाम (प्रकाश पडला की धातूतनं इलेक्ट्रॉन सुटतात तो) दाखवायला काचेच्या बरणीत चॉकलेटच्या चांदीची दोन पानं टांगली, वर टॉर्चचा जुना सेल कापून काढलेला जस्ताचा पत्रा. प्लॅस्टिकची पट्टी लोकरीवर घासून ऋण भार दिला, पानं फाकली. प्रकाशानं इलेक्ट्रॉन सुटले की ती मिटायला हवीत. हॅलोजन मारला, काही नाही. मग बहिणीच्या पार्लरमधला नेल-लॅम्प आणला, 365 नॅनोमीटर, चक्क यूव्ही! तरी पानं ढिम्म. मागच्या बाकावरनं आवाज, "सर, आइन्स्टाइन चुकला." कुठं चुकतंय?

जुना लॅबवाला: दिवा चुकतोय. 1240 ला नॅनोमीटरनं, म्हणजे 365 नं भागा, की फोटॉनची (प्रकाशाच्या एका कणाची) ऊर्जा मिळते: 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक इलेक्ट्रॉन सोडायला जस्त मागतं साधारण 4.3. रंकाळ्यावर भेळ चाळीसची अन् शंभर जण तीस-तीस घेऊन आले, तर एकालाही मिळत नाही. फोटॉनचंही तसंच, इथं वर्गणी चालत नाही. पाण्याच्या फिल्टरमधली 254 ची ट्यूब आणा, 4.9 होतात. पत्रा आधी पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, ऑक्साइडच्या थरानं मी दोन वर्षं फसलोय. आणि हे आषाढात नको! आपल्या पावसात भार दमट हवेतनं आपोआप गळतो, दिवा न लावताच पानं मिटतात, वर पोरं टाळ्या वाजवतात. धन भार देऊनही बघा.

उद्यमनगरकर: सर, त्या ट्यूबकडं उघड्या डोळ्यानं बघू नका. मी एकदा काच न धरता वेल्डिंगचा आर्क मारला, रात्रभर डोळ्यात वाळू भरल्यागत झालं. एक शंका: हुपरीत चांदीवर लेझरनं नाव कोरताना ठिणगी दिसते. ते तर इन्फ्रारेड, फोटॉन लालपेक्षाही कमी ऊर्जेचा. मग इलेक्ट्रॉन कसा सुटतो?

जुना लॅबवाला: ती ठिणगी बरीचशी तापलेल्या धातूच्या वाफेची. पण बरं पकडलंत, वर्गणीचं माझं वाक्य अर्धंच होतं. प्रकाश अतिप्रखर असेल तर चालते, फक्त सगळ्यांनी एकाच क्षणी पैसे टेकवायचे. 1965 मध्ये सोव्हिएत संघात व्होरोनोव्ह आणि देलोने यांनी रुबी लेझरचा झोत झेनॉन वायूवर एकवटला. लाल फोटॉन 1.8 चा, झेनॉनला लागतात 12.1. सात फोटॉन मिळून एक इलेक्ट्रॉन सुटला. हॅलोजनमध्ये एवढी गर्दी कुठली!

रंकाळाकाठ: जमलं! पुठ्ठ्याच्या खोक्यात 254 ची ट्यूब, पत्र्याकडं तेवढी फट. मोजून सहा सेकंदांत पानं मिटली. मध्ये खिडकीची काच धरली की थांबतात. धन भाराला हलतच नाहीत. मागच्या बाकाचा आता नवा प्रश्न: सुटलेले इलेक्ट्रॉन मग जातात कुठं?