चित्रकार्डे दिली तर मूल बोलायचेच राहील का?

प्रश्न (साडेतीन वर्षांच्या मुलाची आई)

माझ्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान आठ महिन्यांपूर्वी झाले. तो अजून एकही शब्द बोलत नाही. काही हवे असले की माझा हात धरून तिथपर्यंत नेतो आणि मला उमगले नाही तर जमिनीवर डोके आपटतो. स्पीच थेरपिस्टनी चित्रकार्डांपासून सुरुवात करायला सांगितले आहे, परंतु हातात कार्ड आले की तो तोंड उघडण्याचे कष्टच घेणार नाही, अशी भीती घरातील वडीलधाऱ्यांना वाटते आणि खरे सांगायचे तर मलाही वाटते. शिवाय दोन आठवडे मी कार्ड समोर धरून "हे काय आहे?" असे विचारते, तेव्हा तो मान फिरवतो. माझे काय चुकत असावे?

उत्तर (वाचा-उपचारतज्ज्ञ)

या भीतीला अभ्यासांतून आधार मिळत नाही. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात विकासात्मक अक्षमता असलेल्या २७ व्यक्तींच्या नोंदी बारकाईने तपासल्या होत्या. त्यांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि ८९ टक्के जणांचे वाढले होते. ही वाढ बहुधा माफकच असते, त्यामुळे कार्डांमुळे तो बोलू लागेलच असे आश्वासन मी देणार नाही.

अडचण तुमच्या प्रश्नात आहे. "हे काय आहे?" ही परीक्षा झाली, आणि उत्तर देऊन त्याच्या पदरात काहीच पडत नाही. बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये विकसित केलेल्या 'पेक्स' या चित्रविनिमय पद्धतीत पहिल्या टप्प्यावर मुलाला चित्र ओळखावेसुद्धा लागत नाही. एक मोठी व्यक्ती त्याची आवडती वस्तू, समजा साबणाचे फुगे, घेऊन समोर बसते आणि दुसरी त्याच्या मागे. त्याने फुग्यांसाठी हात पुढे केला की मागची व्यक्ती एक शब्दही न उच्चारता त्याला कार्ड उचलून समोरच्या तळहातावर ठेवायला मदत करते, आणि समोरची व्यक्ती त्याच क्षणी "फुगे!" म्हणत ते उडवते. मागून मिळणारी मदत पुढे कमी करत न्यायची असते.

उत्तर (नऊ वर्षांच्या मुलीचे वडील)

आमच्याकडे खरा फरक 'नको' या कार्डाने पडला. सुरुवातीला आम्ही फक्त मागण्याची कार्डे केली होती, त्यामुळे नकार देण्यासाठी तिच्याजवळ किंचाळण्याखेरीज काही उरत नव्हते. कार्डे तिच्या हाताला लागतील अशीच ठेवा आणि शिक्षा म्हणून ती कधीही काढून घेऊ नका. तुम्ही स्वतःही बोलताना चित्रांवर बोट ठेवत जा. त्या भाषेत कुणी बोलताना दिसलेच नाही, तर त्याने ती शिकावी तरी कशी?

प्रश्नकर्ती

उद्यापासून परीक्षा घेणे बंद करते. कार्डांऐवजी थेट 'बोलणाऱ्या' टॅबपासून, म्हणजे चित्राला बोट लावले की तो शब्द मोठ्याने उच्चारणाऱ्या टॅबपासून, सुरुवात केली तर चालेल का?

उत्तर (वाचा-उपचारतज्ज्ञ)

चालेल, त्यासाठी आधी कार्डांवर प्रभुत्व मिळवण्याची अट नसते. त्याची नजर, बोटांची हालचाल आणि आवड पाहून तुमच्या थेरपिस्टसह ठरवा. मात्र मुलाचा हात किंवा दंड धरून त्याच्याकडून अक्षरे टाइप करून घेण्याची एक पद्धत कुणी सुचवली, तर तिच्यापासून दूर राहा. नियंत्रित चाचण्यांत तो मजकूर मुलाचा नसून हात धरणाऱ्याचाच असल्याचे वारंवार आढळले आहे.